सत्त्याण्णव सीसीचा ट्रक

दुचाकीवर चालकाच्या मागे एकच माणूस बसावा, असं मोटार वाहन कायद्याचं 128वं कलम सांगतं. हे कलम शेंदूरजनाघाटला अजून पोचलेलं नाही. वरूडहून पुढे यायला त्याला बहुधा गाडी मिळाली नसावी. इथे आंबिया बहाराच्या दिवसांत स्प्लेंडरच्या मागे संत्र्याची दोन कॅरेट, टाकीवर फवारणीचा पंप आणि उरलेल्या फटीत शाळेतून आणलेलं पोरगं असतं. कलमांच्या हंगामात तर गाडी दिसतच नाही. जंभेरीच्या खुंटावर बांधलेली संत्र्याची रोपं स्वतःच हॉर्न वाजवत गिऱ्हाइकाच्या वावरात निघाल्यासारखी वाटतात. स्कूटरवाल्याला पाय ठेवायला जी जागा दिलेली असते, तिथे युरियाची 45 किलोची गोणी बसते. पाय ज्याचे त्याने सांभाळावे.

कंपनीच्या कागदावर या ट्रकचं वजन 112 किलो, इंजिन 97.2 सीसी आणि ताकद जेमतेम आठ अश्वशक्ती. हेच 97.2 सीसी 1985 साली हिरो होंडाच्या सीडी 100 मध्ये आले, 1994 साली स्प्लेंडरमध्ये गेले आणि अजून तिथेच मुक्कामाला आहेत. दरम्यान हिरो आणि होंडा यांची वाटणी झाली, बीएस-6 आलं. आकडा हलला नाही.

त्याआधीचा मान लुना आणि चेतकचा, दोघींचा जन्म 1972चा. चेतकसाठी मुंजीत नंबर लावावा, तर लग्नात गाडी यायची. लुनाला पायडल होतं. चढावर इंजिनाने हात टेकले की मालकाने पाय चालवायचे.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि वावरात जायच्या या गाडीला 28 टक्क्यांच्या वरच्या मजल्यावर जागा मिळाली. शेजारी कोण, तर पानमसाला. सोनं मात्र तळमजल्यावर, 3 टक्क्यांत. गाडी ही चैन आणि गळ्यातला गोफ ही गरज, असा कारभार आठ वर्षं चालला. 22 सप्टेंबर 2025 पासून कर 18 टक्क्यांवर उतरला आणि त्याला ‘बचत उत्सव’ असं नाव मिळालं. जास्त घेतलेलं कमी करण्याचाही आपल्याकडे उत्सव होतो! ही सवलत 350 सीसीपर्यंत आहे. त्यामुळे अमरावतीच्या राजकमल चौकात 349 सीसीची बुलेट धडधडवणारा हौशी आणि पहाटे कलमं बांधून निघणारा शेतकरी सरकारदरबारी एकाच पंगतीला बसले.

पेट्रोल जीएसटीच्या या पंगतीत अजून आलेलं नाही. म्हणून शोरूममध्ये रंग, डिजिटल मीटर, मोबाइल चार्जिंगचं वर्णन रंगात आलेलं असताना गिऱ्हाईक मध्येच विचारतं, “भाऊ, बाकी राहू द्या, येवरेज किती देते थे सांगा.” सांगितला जातो तो आकडा दोन कॅरेट आणि पोरगं धरून काढलेला नसतो.

एवढा संसार वाहणाऱ्या गाडीवर हेल्मेट तेवढं सहसा नसतं. नवी गाडी घेताना कंपनीने ते द्यावं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 138वा नियम म्हणतो. शोरूममध्ये गाडीला हार मिळतो, मालकाला पेढा मिळतो, चावीला कीचेन मिळतं. पुढच्या वेळी पेढा खाऊन झाला की हेल्मेटही मागा, आणि त्यावर आयएसआयची खूण आहे का, ते तिथेच पाहून घ्या.