एकलंच आलाय व्हय?

मन थकलं की एकट्यानं परदेशात जाऊन यावं, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. देणाऱ्याचं मन थकलेलं असो वा नसो, त्याचा पासपोर्ट बहुधा ताजा असतो. हा सल्ला तपासून पाहायला स्वित्झर्लंडपेक्षा कोयनानगर बरं. निसर्ग हाच इलाज असेल, तर सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातलं हे गाव पहिल्या वर्गात पास व्हायला हवं. सरोवर पाहिजे? कोयना धरणाचा शिवसागर आहे, त्यात १०५ टीएमसी पाणी मावतं. धबधबा पाहिजे? नवजाजवळ ओझर्डे आहे. बाग म्हणाल तर धरणासमोर नेहरू उद्यान, जंगल म्हणाल तर कोयना अभयारण्य आणि त्याला सामावून घेणारा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. पाऊस तर एवढा की पावसाळ्यात 'कोयना, नवजा, महाबळेश्वर' ही तीन नावं वर्तमानपत्रात परीक्षेच्या निकालासारखी मिलिमीटरांसकट छापून येतात. कराडहून एसटीनं इथं पोहोचता येतं आणि वाटेत कुठलाही वकिलातीचा अधिकारी मागच्या सहा महिन्यांचं बँक खातं बघत नाही. एवढं असून 'मनःशांतीसाठी पंधरा दिवस एकटाच कोयनानगरला चाललोय' असं कुणी म्हणत नाही. म्हटलंच, तर घरचे बॅग भरायच्या आधी डॉक्टरांना फोन लावतील. तोच माणूस 'पोर्तुगालला एकटाच चाललोय' म्हणाला, तर मात्र त्याला निरोपाची पार्टी मिळते. हा फरक निसर्गाचा नाही हे उघड आहे. मग कशाचा?

कराडच्या स्टँडवर गाडीत बसलेल्या एकट्या माणसाकडे पाहिलं की उत्तर मिळतं. कंडक्टर 'किती?' विचारतो. 'एक' म्हटल्यावर तो मागच्या सीटकडे नजर टाकून खात्री करून घेतो. शेजारचे आजोबा मल्हारपेठेपर्यंत कसाबसा धीर धरतात आणि मग 'गाव कंचं?' पासून सुरुवात करतात. पाटण येईतो आडनाव, नोकरी, लग्न आणि लग्न नसल्यास त्याचं कारण, एवढी चौकशी पार पडलेली असते. कोयनानगरात उतरल्यावर भजीवाल्याच्या तोंडी तोच प्रश्न निराळ्या चालीत येतो: 'एकलंच आलाय व्हय?' लॉजच्या काउंटरवर हा प्रश्न गंभीर होतो. आपल्याकडच्या कितीतरी लॉजांत एकट्या माणसाला खोली द्यायला मालक कचरतो, कारण एकटा माणूस म्हणजे काहीतरी बिनसलेला माणूस, ही त्याची पक्की समजूत असते. संध्याकाळपर्यंत पाहुण्याच्या मावसभावाचे साडू पाटणचेच निघतात आणि शांततेच्या शोधात आलेला जीव त्यांच्या घरी पंगतीला बसलेला आढळतो. शिवसागर जिथल्या तिथं असतो. बघायला सवड मिळत नाही, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं असं, की परदेशातल्या एकट्या प्रवासातला औषधी अंश दृश्यांत नसतो, तो कुणी न विचारण्यात असतो. लिस्बनच्या ट्राममध्ये तुमचं आडनाव हा कुणाच्याही काळजीचा विषय नसतो. तिथं तुम्ही कुणाचे जावई, कुणाचे साहेब, कुणाचे थकबाकीदार नसता. जन्मभर अंगावर वागवलेली नाती विमानतळावर सामानाबरोबर जमा होतात आणि काही दिवस पाठ मोकळी राहते. मीना प्रभूंनी अनेकदा एकटीनं देश पालथे घातले आणि पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. ती वाचून मराठी घरांतल्या कितीतरी बायकांना देशांपेक्षा अधिक हेवा वाटला असेल तो त्या एकटेपणाचा. त्याआधीचं उदाहरण धर्मानंद कोसंबींचं. गोव्यातल्या सांखवाळच्या या तरुणाचं मन संसारात रमेना. १८९९ साली तो बुद्धाच्या शोधात घराबाहेर पडला, पुढं नेपाळात गेला आणि १९०२ मध्ये सिलोनला पोहोचून श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू झाला. त्याला काय गवसलं ते 'निवेदन' या आत्मचरित्रात आहे. यावर पहिला आक्षेप असा, की अशा वेळी मनःशांती एकाला लाभते आणि तिचं बिल घरच्यांच्या नावे फाटतं. धर्मानंदांच्या मागे पत्नी आणि तान्ही मुलगी होती. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. दोन आठवड्यांच्या तिकिटावर जाणाऱ्यानं स्वतःला धर्मानंद समजू नये आणि मुलांच्या परीक्षेच्या आठवड्यात तर मुळीच समजू नये.

दुसरा आक्षेप संशोधकांचा आहे आणि तो अधिक बोचरा आहे. नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीड हजारावर लोकांना सुट्टीच्या आधी आणि नंतर पारखलं. सुट्टीवर जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा आनंदी होते खरे, पण जायच्या आधी. परतल्यावर बहुतेकांचं सुख न गेलेल्यांइतकंच भरलं. ज्यांची सुट्टी अगदी निवांत झाली त्यांचाच आनंद थोडा टिकला आणि काही आठवड्यांत तोही ओसरला. म्हणजे खरा फायदा वाट पाहण्यात! पण हा निष्कर्ष डच माणसाला ठीक आहे, त्याला वाट पाहताना ट्यूलिप दिसतात. आपल्या वाट पाहण्यात शेंगेन व्हिसा येतो. आजारपणासाठी ३०,००० युरोंचा विमा काढा, हॉटेलांच्या नोंदी जोडा, आणि परत येणार हे पटवून द्या. मनःशांतीसाठी निघालेल्या माणसाला आधी कागदोपत्री हमी द्यावी लागते, की मन शांत झालं तरी तो तिथं राहणार नाही. तरीसुद्धा या अभ्यासानं प्रवास निकालात निघत नाही. जेवणाचा परिणामही दुसऱ्या दिवशी ओसरतो, म्हणून कुणी जेवण सोडत नाही. फक्त एका जेवणात जन्माची भूक भागेल असं सांगणाऱ्याच्या नादी लागू नये.

तिसरा आक्षेप स्वतःच्या सहवासाचा. कुणी विचारणारं नसलं की माणूस स्वतःच्या तावडीत सापडतो आणि ती संगत सगळ्यांना मानवत नाही. २०१४ साली अमेरिकेत टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी लोकांना पंधरा मिनिटं एका खोलीत नुसतं विचार करत बसवलं. विरंगुळ्याला एकच सोय होती, बटण दाबून स्वतःला विजेचा झटका घ्यायची. १८ पुरुषांपैकी १२ जणांनी तो घेतला. बायका २४ होत्या, त्यांतल्या फक्त ६ जणींनी बटणाला हात लावला. पंधरा मिनिटांत ही गत, तर पंधरा दिवसांचं काय? पॅरिसमध्ये काम करणारे जपानी मानसोपचारतज्ज्ञ हिरोआकी ओटा यांनी १९८० च्या दशकात असे जपानी प्रवासी पाहिले, की ज्यांना स्वप्नातलं पॅरिस आणि समोरचं पॅरिस यांचा मेळ न बसल्यानं भोवळ, भास, घबराट होऊ लागली. याला 'पॅरिस सिंड्रोम' म्हणतात. कोयनानगर सिंड्रोम अजून कुणाला झाल्याचं ऐकिवात नाही, कारण इथं कुणी स्वप्नं घेऊन येत नाही, छत्री घेऊन येतं.

शेवटचा आक्षेप मात्र या मातीतलाच आहे आणि त्याच्यापुढे थट्टा जरा आवरावी लागते. एकटं राहण्यात एवढं औषध असेल, तर पाटण तालुक्यातली माणसं मुंबईच्या गोदीत आणि बाजारांत पिढ्यान् पिढ्या एकटी राहिली, ती सर्वांत निरोगी असायला हवी होती. माथाड्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले. गावाकडं कुटुंब ठेवून पाठीवर पोती वाहणाऱ्यांना 'सोलो ट्रॅव्हलर' म्हणायचं कुणाला सुचलं नाही. धरणाच्या पाण्याखाली गावं गेली, माणसं सोलापूर, सांगली, रायगडकडं पांगली, तोही प्रवासच होता. फरक एवढाच, की परतीचं तिकीट खिशात असलं तरच एकटेपणा मानवतो. आणि ज्याचं मन नुसतं थकलेलं नाही, आजारी आहे, त्याला न विचारणारं गाव घातकच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानं कोयनानगर जमीनदोस्त केलं. त्यानंतरही इथं छोटे धक्के अधूनमधून बसतात आणि धक्क्याची बातमी पोहोचली की मुंबई-पुण्याहून फोन वाजतात: 'समदी बरी हायसा न्हवं?' एसटीत नकोसा झालेला तोच चौकसपणा इथं उपचार ठरतो. लॉजवाल्याच्या संशयातही थोडी माया असते, दाखवायची पद्धत तेवढी उर्मट. झोप उडाली, जगणंच नको वाटू लागलं, तर विमानाच्या तिकिटाआधी १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फिरवावा. तिथं व्हिसा लागत नाही आणि विचारायला माणूस असतो.

तेव्हा हिशेब असा मांडावा. माणसांनी वैताग आणला असेल, खिसा परवानगी देत असेल आणि घरच्यांचं बिल चुकतं केलेलं असेल, तर खुशाल एकट्यानं परदेशी जावं. खिसा नाही म्हणाला, तर कोयनानगरला यावं. मात्र मग स्थानिकांनीही पाहुण्याला निदान दोन दिवस आडनावाशिवाय राहू द्यावं. पर्यटन विकासाची ही योजना बिनखर्चाची आहे, म्हणूनच ती मंजूर व्हायची शक्यता कमी. आणि कुठूनही परतलात, तरी पहिल्याच आठवड्यात नातेवाइकांना बोलावून फोटो दाखवू नयेत. सुख टिकणार काही आठवडे, त्यातला एक 'यातला तू कुठला?' या प्रश्नाची उत्तरं देण्यात घालवणं परवडत नाही.