पाळीवाले तात्या

चाकण असो, अंबड असो की वाळूज, एमआयडीसीतल्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात एक तात्या असतातच. पगार मालक देतो, पण तुम्ही रात्री झोपायचं की मशीनवर उभं राहायचं हे तात्या ठरवतात. त्यामुळे दिवाळीला मालकाला नमस्कार आणि तात्यांना फराळाचा डबा, अशी रीत आहे.

1948 चा कारखाने कायदा त्यांना आरतीसारखा पाठ. दिवसाला 9 तास, आठवड्याला 48, सलग 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती, सुट्टीशिवाय सलग 10 दिवसांच्या वर काम नाही. आता नव्या श्रमसंहिता आल्या, तरी तात्यांच्या तोंडी कलमं जुनीच. नारायण मेघाजी लोखंडे झगडले आणि 1890 साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. तात्या मात्र ती हकिकत अशा सुरात सांगतात, की अर्ज त्यांच्याच टेबलावरून पुढे गेला असावा.

अशा माणसासमोर कंपनीने पाळ्या लावायचं सॉफ्टवेअर आणून ठेवलं. तास मर्यादेजवळ आले की त्या कामगाराचा चौकोन पिवळा होतो, ओलांडले की लाल. तात्या एवढंच म्हणाले, ‘‘इतकी वर्षं लाल मीच होत होतो.’’

पिवळ्यावर कारण लिहून पुढे जाता येतं, लालवर काही केल्या नाही. ही सोय तात्यांच्या स्वभावात आधीपासूनच होती. नवा सुपरवायझर ‘‘दोघांना ओटी लावा’’ असं दारातूनच ओरडला की तात्या लाल. तोच चहा सांगून, खुर्ची ओढून बसला की पिवळे. कारणाच्या रकान्यात ते कायम ‘कामाची निकड’ लिहितात. गेल्या वर्षीच्या सगळ्या पिवळ्या चौकोनांचं कारण तेच आहे, आणि ऑडिटवाल्यांनी ते वाचून मान डोलावली म्हणे.

खरं भांडण झालं ते नाइटवरून. सोमवारी नाइटला आलेला माणूस मंगळवारी सकाळी 7 ला सुटला आणि दुपारी साडेतीनला पुन्हा सेकंडला आला. सॉफ्टवेअरने मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत बेरीज केली, मंगळवारच्या नावावर साडेपंधरा तास टाकले आणि चौकोन लालभडक. तात्यांनी हिंजवडीला सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला.

‘‘काका, सिस्टीममध्ये दिवस रात्री बाराला बदलतो,’’ पलीकडचा मुलगा म्हणाला.

‘‘अरे बाबा, बाराला तारीख बदलते. माणूस तोच उभा असतो मशीनवर. बारानंतरचे तास आदल्या दिवसात धर. कलम 57 काढ.’’

मुलाने काढलं. पुढच्या अपडेटमध्ये नाइटचा दिवस पाळी सुटल्यावर सुरू व्हायला लागला. तेव्हापासून तात्या सॉफ्टवेअरला ‘आमचा पोरगा’ म्हणतात. (मला वाटतं, त्याने एकदा हार मानली म्हणूनच ते त्याला इतकं जपतात.)

त्यांची कसोटी गणपतीत लागते. कोकणातली माणसं गावाला जातात, ऑर्डर मात्र इथेच राहते. मग तात्यांना अडवावं लागतं ते कामगारालाच, कारण ओटीला दर दुप्पट आणि घराचा हप्ता दर महिन्याला. साताऱ्याकडचा एक फिटर सलग 10 दिवस भरून अकराव्या सकाळी टेबलासमोर उभा.

‘‘तात्या, लावा की आजचा दिवस. मी कुठं तक्रार करतोय?’’

‘‘तू नाही, हा करतोय,’’ तात्यांनी स्क्रीन फिरवली. लाल. ‘‘घरी जा, दिवसभर झोप. उद्या ये, पुन्हा एकपासून मोजतो.’’

‘‘झोप कसली तात्या! आज रात्री मंडळात मूर्तीपाशी पहारा आहे माझा.’’

तात्यांनी चष्मा वर केला, खिशातलं पेन काढलं.

‘‘किती ते किती? आणि तिथली पाळी लावतो कोण?’’