घराण्याचा सुळा

आमच्या घराण्यात वाडा नाही, इनाम नाही. पिढीजात म्हणावा असा एकच ऐवज: वरच्या डाव्या बाजूचा, रांग सोडून पुढे आलेला सुळा. आजोबांच्या फोटोत तो आहे. माझ्या लग्नाच्या अल्बममध्येही आहे. (फोटोग्राफर तेव्हा मलाच "जरा कमी हसा" म्हणाला होता.) लेक अकरा वर्षांची झाली आणि तिच्या हिरडीतूनही तो डोकावला. आईने नातीची हनुवटी उचलून पाहिलं. "आली गं बाई घराण्याची खूण!"

बायकोने त्याच संध्याकाळी ऑर्थोडॉन्टिस्टला फोन लावला.

सुळ्याचा तसा दोष नाही, हे मला तिथे कळलं. वरचे सुळे उशिरा, अकराव्या-बाराव्या वर्षी येतात. तोवर आजूबाजूचे दात पाय पसरून बसलेले. ठाण्याला लोकलमध्ये चढणाऱ्याने मग दारात लटकायचं नाही तर काय करायचं? जागा करायला दाढांच्या अलीकडचे चार दात काढावे लागतील, असं डॉक्टर म्हणाले.

"चांगले काढायचे आणि वाकडा ठेवायचा?" आईने विचारलं. "हा कुठला न्याय?"

दात निघाले, दातांवर ब्रॅकेट चिकटले, त्यांतून निकेल-टायटॅनियमची तार गेली. हा मिश्रधातू मुळात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतला. वाकवला तरी मूळ आकार विसरत नाही. तार दाताला रेटते. रेटा बसतो तिकडचं हाड विरघळतं, मागे नवं भरतं. या हिशेबाने दात महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. डॉक्टरांचा हप्ता मात्र दर महिन्याला पूर्ण सरकतो.

पहिले चार दिवस लेक मऊ भातावर होती. मग दिवाळी आली. चकली, कडक बुंदीचा लाडू, चिक्की, पेरू, कणीस, सगळं बंद. चणे आहेत तेव्हा दात नसतात, हे ऐकून होतो. इथे चणे होते, दात होते, परवानगी नव्हती. आईने चकली दह्यात भिजवून दिली. चकलीचा एवढा अपमान आमच्या स्वयंपाकघरात पूर्वी झाला नव्हता.

संक्रांतीला एक ब्रॅकेट निखळला. "मी काही खाल्लं नाही," लेक म्हणाली, तेव्हा तारेत तीन तीळ अडकलेले होते. तिळाची वडी कोणी दिली, याचा तपास मी केला नाही. आई त्या वेळी देवघरात होती आणि जरा जास्तच वेळ होती.

पावणेदोन वर्षांनी तार निघाली. दात असे ओळीत, की मुलगी कोणाची असा प्रश्न पडावा. आई बराच वेळ बघत राहिली. "छान आहे," ती म्हणाली, "पण बाबांवर गेलेली वाटत नाही आता."

डॉक्टरांनी लावायला रिटेनर दिला. दातांना जुन्या जागेची ओढ असते म्हणे. सोडलं तर परत निघतात.

गेल्या रविवारी हॉटेलात लेकीने तो कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला आणि विसरली. आम्ही अर्ध्या वाटेवरून परत फिरलो. वेटरने बिचाऱ्याने खरकट्याची बादली उपसून शोधून दिला. घरी येऊन मी तो उकळत्या पाण्यात टाकला, तेव्हा त्याचा आकारच गेला.

नव्याला आठवडा लागणार आहे. आई फार खुशीत आहे.