अनुभव : किमान दहा वर्षे

मुंबईतल्या एका ॲडटेक, म्हणजे ऑनलाइन जाहिरातींच्या, कंपनीला ‘व्हाइस प्रेसिडेंट, एआय ट्रान्सफॉर्मेशन’ हवा आहे. अटींमधली तिसरी अट : जनरेटिव्ह एआयचा किमान दहा वर्षांचा अनुभव.

किमान! म्हणजे बारा असतील तर दुधात साखर. आजची ही भाषा बोलणारी यंत्रं ज्या शोधनिबंधावर उभी आहेत तो 2017 सालचा. ती तुमच्या-आमच्या हातात आली नोव्हेंबर 2022 मध्ये. पण कंपनीला यंत्राच्या बारशाला जेवलेला माणूस चालणार नाही, डोहाळजेवणाला हजर असलेला पाहिजे.

आणि अर्ज येतील बरं का! परवापर्यंत ‘बिग डेटा’वाले होते, मधे काही महिने ‘मेटाव्हर्स’वाले झाले, तेच आता दाढी कोरून येतील. अर्ज एआय लिहील, छाननी एआय करील. दहा वर्षांची अटही बहुधा एआयनेच टाकलेली असणार. सगळा घरचाच मामला.

शिकाऊ मुलांसाठी जागा मात्र एकही नाही. टॅग नीट बसला का बघणं, बजेट महिनाअखेरपर्यंत पुरेल अशा बेताने बिड वरखाली करणं, क्लायंटला दाखवायला चालू जाहिरातीचे स्क्रीनशॉट काढणं, ही हमाली आता यंत्राकडे गेली. जाऊ दे. पण या धंद्यातले निम्मे साहेब त्याच हमालीतून वर आले ना? तुम्ही पान उघडता आणि ते दिसेपर्यंत, सेकंदाच्या दहाव्या भागात, त्यावरच्या जागेचा लिलाव उरकतो. तो कुठे गंडतो हे रात्री अकराला एक्सेल उघडून बसलेल्या पोरालाच कळायचं. बस दरीत कोसळल्याच्या बातमीशेजारी सहलीची जाहिरात झळकतेय, हे बघून घाम त्यालाच फुटायचा. यंत्राला घाम फुटत नाही, आणि व्हाइस प्रेसिडेंटच्या केबिनला एसी असतो. उद्याचे साहेब कुठून आणणार आहात? तेही ऑनलाइन मागवणार?

बरं, एवढी अक्कल पाजळून करताय काय? मी दिवाळीत मिक्सर घेतला. पैसे दिले, मिक्सर घरी आला, फराळ झाला, चकल्या संपल्या. तरी हवामान बघायला गेलो की मिक्सर, क्रिकेटचा स्कोअर बघितला की मिक्सर, शोकसंदेश वाचत होतो तर त्याच्याखाली मिक्सर, तोही मी घेतलेलाच, शिवाय चारशे रुपयांनी स्वस्त! अहो, एका घरात किती मिक्सर लावायचे? घेऊन झालेल्या गिऱ्हाइकांची यादी वेळच्या वेळी सिस्टिमवर चढवली की त्यांना ती जाहिरात दिसत नाही. तेवढंच काम. ते आधी तुमचा तो शिकाऊ पोरगा करायचा. त्याला तुम्ही घरी बसवलंत.

त्या यादीसाठी व्हाइस प्रेसिडेंट लागत नाही. एखादं पोर कामावर घ्या, त्याला धड पगार द्या, आणि पहिल्याच दिवशी त्याला माझं नाव त्या यादीत टाकायला सांगा.