तोळ्यात मासे किती?

बदलीवर जळगाव-धुळ्याला आलात तर घर, गॅस, मुलांची शाळा मागाहून बघा. आधी कशात काय आणि किती बसते ते पाठ करा. दहाचा पाढा येतो म्हणून गाफील राहू नका.

पहिला धडा जळगावच्या सराफ बाजारात. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. (हे मासे गिरणेतले नव्हेत, मुंबईकरांनी हे वाक्य दोनदा वाचावे.) जुन्या हिशेबाने तोळा ११.६६ ग्रॅमचा, दुकानात मात्र १० ग्रॅमचा. मधले पावणेदोन मासे कुठे गेले, असे सराफाला विचारू नये. १९५६च्या वजनमाप कायद्याने तोळ्याला कागदावरून हाकलले, पण लोकांच्या तोंडून तो जाईना. शेवटी दहा ग्रॅमच त्याचे नाव लावून फिरू लागले. घरात मात्र जपून. सासूबाईंचे जुने दहा तोळे आणि सूनबाईंचे नवे दहा तोळे काट्यावर ठेवले, तर साडेसोळा ग्रॅमचा फरक निघतो. तो जाहीर करणाऱ्या मुलाला त्या रात्री भरीत मिळत नाही.

धान्याची मापे घाईने उरका: निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. चार शेरांची पायली. किती पायल्यांचा मण, ते ज्या त्या गावाला विचारावे.

खरी परीक्षा रावेर-यावलच्या वाटेवर. केळे फणीत, फणी घडात, घड झाडावर. इथे निदान फणी बोटाने दाखवता येते. क्विंटलमधला सत्तरावा किलो कुणी पाहिलाय? घडात वरची फणी भरदार, शेवटची किरकोळ, आणि डझनाच्या हिशेबात दोघी सारख्याच. शिवाय घडाला दांडा असतो. तो खाता येत नाही, पण काट्यावर आपले वजन राखून असतो. तो घडाचा भाग आहे की नाही, यावर शेतकरी आणि व्यापारी यांचे एकमत होईपर्यंत थांबू नका; भाव ठरण्याआधीच विचारून घ्या.

शेवटी धुळ्याचा भाजीबाजार. भाजीवाली विचारेल, “कितलं?” किलो-ग्रॅम न सांगता दोन्ही तळवे जवळ आणून “इतलं” म्हणा. पाव किलो मोजून झाल्यावर ती वरून चार मिरच्या टाकेल. त्या पाव किलोत धरायच्या का, असे विचारू नका. पिशवी पुढे करा.