सह्याद्रीचा धाकटा भाऊ

मॉरिशसला सात रात्री राहून आलेल्या मराठी माणसाला विचारा, काय काय पाहिलंत? यादी ठरलेली. बोट, बीच, पॅरासेलिंग, शामारेलची सात रंगांची माती, पोर्ट लुईची खरेदी आणि रोज रात्री हॉटेलच्या बुफेत पनीर. डोंगर चढलात का? ‘तिथे डोंगर आहेत?’ आप्रवासी घाट? ‘वेळच नव्हता हो.’

सात दिवस हाताशी होते आणि वेळ नव्हता!

मला याचा राग येतो, कारण हे सांगणाऱ्यांत दर पावसाळ्यात शनिवारी रात्री पाठीवर सॅक टाकून निघणारी माणसं असतात. राजगडाचा बालेकिल्ला त्यांना पाठ आहे, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट त्यांनी केलेली आहे. तीच माणसं विमानात बसली की पाय घरी ठेवून जातात. गेल्या ऑगस्टमध्ये मी ज्या टूरबरोबर गेलो, तिच्या कार्यक्रमात चालणं होतं ते बसपासून रेस्टॉरंटपर्यंत. तिसऱ्या दिवशी आम्ही चौघं फुटलो आणि पहाटे ल मोर्नच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिलो.

बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला, समुद्रात पाय सोडून बसलेला हा 556 मीटरचा एकटा कडा. निम्मी वाट रुंद आणि झाडीतली आहे, कोणीही चालेल. त्यापुढे मात्र हात लावावेच लागतात. मी पहिला हात टेकला आणि थांबलो. काळा, खरखरीत, बोटांना पकड देणारा, मधूनच भोकं पडलेला कातळ. हा दगड माझ्या ओळखीचा होता. वीस वर्षं मी ह्याच दगडावर गुडघे सोलून घेतले आहेत.

आणि ही ओळख रक्ताची आहे. भूशास्त्रज्ञ असं मानतात की पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोतातून सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा ओसंडला आणि दख्खनचा दगड थरावर थर रचला गेला, तोच स्रोत पुढे भारताचा भूखंड उत्तरेला सरकल्यावर समुद्राखाली धगधगत राहिला. ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी त्यानेच मॉरिशस वर काढलं. शेजारच्या रीयुनियन बेटावरचा ज्वालामुखी आजही जागा आहे, तो त्याच्याच जोरावर. म्हणजे मॉरिशस हा सह्याद्रीचा धाकटा भाऊ. त्याच्या घरी जायचं आणि अंगणात खुर्ची टाकून परत यायचं, ही कुठली रीत?

ल मोर्नवरून खालचं खाजण दिसतं, हिरवं-निळं, पलीकडे प्रवाळाच्या कडेवर फुटणारी पांढरी रेघ. कड्यात जून-जुलैपासून लाल घंटेसारखं एक फूल लागतं. ते मॉरिशसचं राष्ट्रीय फूल, आणि रानात ते ह्या एकाच डोंगरावर उगवतं. पण ह्या डोंगरावर फक्त फोटो काढून उतरू नये. मळ्यांतून पळालेले गुलाम इथल्या कपारींत लपून राहायचे. गुलामगिरी संपल्याचा निरोप घेऊन 1835 साली शिपाई वर आले, तेव्हा ते आपल्याला धरायलाच आले असं समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. 1 फेब्रुवारीला तिथे गुलामगिरी संपल्याची सार्वजनिक सुट्टी असते. युनेस्कोने 2008 साली ह्या डोंगराला जागतिक वारसा म्हटलं. आमच्या टूरच्या पत्रकात ल मोर्नचं नाव होतं, ‘फोटो पॉइंट, 10 मिनिटं’ म्हणून.

बेट केवढं, तर आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. सगळीकडे सरकारी-खासगी बस जाते. तरी त्यात चालायला किती आहे! ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून सर्वांत उंच शिखर, 828 मीटरचं, गाठता येतं. पोर्ट लुईजवळ अंगठ्यासारखा वर आलेला ‘ल पूस’ आहे, ज्यावर 1836 साली बीगल जहाजावरून आलेला तरुण डार्विन चढून गेला होता. आँरिएत गावातून खाली उतरलं की एकाखाली एक सात धबधबे लागतात. ही वाट मात्र वाटाड्या घेऊनच करावी, पाणी कधी चढेल सांगता येत नाही.

जंगलाचं खरं सांगायचं तर ते फार थोडं उरलं आहे. डचांनी आबनूस तोडला, मग उसाने जमीन खाल्ली, आणि आता चिनी पेरूची झुडपं मूळच्या झाडांना उठू देत नाहीत. चांगलं म्हणावं असं मूळ रान दोन टक्केही नाही. डोडो तर डच आल्यापासून शंभर वर्षांच्या आत संपला. पण ह्याच बेटावर एक उलटी गोष्टही घडली आहे. मॉरिशसचा ससाणा 1974 साली रानात फक्त चार उरला होता. चार पक्षी! कार्ल जोन्स नावाच्या वेल्श जीवशास्त्रज्ञाने आणि तिथल्या माणसांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून, रानात सोडून तो परत शेकड्यांत नेला. दरीच्या कडेला आम्ही तासभर गप्प बसलो तेव्हा एक दिसला. तपकिरी पाठ, पांढऱ्या पोटावर ठिपके, एक गिरकी आणि झाडीत गडप. सात दिवसांतला तो सर्वांत मोलाचा क्षण होता, आणि त्याला एक पैसा पडला नाही.

आता संस्कृतीचं बोलू. हॉटेलात बुधवारी रात्री ‘सेगा शो’ असतो, घेरदार झगे, दिव्यांचा झगमगाट. तो बघून सेगा पाहिला असं सांगू नका. रविवारी सार्वजनिक किनाऱ्यावर जा. घरंच्या घरं भांडीकुंडी घेऊन आलेली असतात, बिर्याणीचं पातेलं झाडाखाली असतं. दुपार कलली की कुणीतरी नारळाच्या झावळ्या पेटवतं आणि बकऱ्याच्या कातड्याची रवान त्या जाळावर धरतं. आपल्याकडे हलगी शेकतात, तशीच. शेकायची, अंगठ्याने टिचकी मारून सूर ऐकायचा, परत शेकायची. सूर चढला की वाजवणारा मान हलवतो आणि मग बायका वाळूवरून पाय न उचलता सरकायला लागतात. गुलामांनी दिवसभराच्या कष्टानंतर घडवलेलं हे नाचगाणं युनेस्कोच्या यादीत 2014 साली गेलं. बघायला तिकीट नाही.

आणि आपली माणसं? ती तर तिथे जवळजवळ दोनशे वर्षं आहेत. गुलामगिरी गेल्यावर उसाला हात हवे होते, म्हणून इंग्रजांनी गिरमिट, म्हणजे मजुरीचा करार, करून हिंदुस्थानातून मजूर नेले. 1834 पासून 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, थोडी मुंबई बंदरातून, त्यांत कोकणातली पुष्कळ. त्यांचीच नातवंडं-पणतवंडं आज तिथे शाळेत मराठी शिकतात. घरात क्रिओल बोलतात, पण गणपतीला जाखडी नाचतात. होय, जाखडी, रत्नागिरीतली, गोल धरून. गणेशोत्सवाची तिथे देशभर सुट्टी असते. मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची दप्तरं जपली आहेत, त्यांत पणजोबाचं नाव, गाव, जहाज आणि कधीकधी फोटोही सापडतो. आमच्या बसच्या ड्रायव्हरने मला त्याच्या पणजोबाच्या कागदाची घडी घातलेली झेरॉक्स खिशातून काढून दाखवली. गावाचं नाव कारकुनाने असं लिहिलं होतं की वाचता येईना. त्याने विचारलं, ‘तुम्ही तिकडचे, तुम्हाला लागतंय का काही?’ आम्ही दोघांनी ते पाच-सहा तऱ्हांनी म्हणून पाहिलं. लागलं नाही. तीन दिवस आमच्या बसमधले बावीस मराठी लोक त्याला ‘एसी वाढव’ एवढंच म्हणाले होते, तेही हिंदीत.

आप्रवासी घाट पोर्ट लुईच्या मध्यावर आहे. जिथे आम्हाला खरेदीला दोन तास सोडलं, तिथून चालत दहा मिनिटांवर. तिथे दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. बोटीतून उतरलेला मजूर त्या चढून वर यायचा आणि नोंद होऊन मळ्याकडे जायचा. दगड तोच, काळा. ज्याने रत्नागिरीहून येऊन त्यावर पहिलं पाऊल ठेवलं, त्याच्या तळपायाला तो ओळखीचा लागला असेल, असं मला तिथे उभं राहून वाटलं आणि बराच वेळ बोलता आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीची बुकिंगं आता सुरू होतील. एजंट पत्रक पुढे करेल तेव्हा त्यात स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहा. ल मोर्न, पहाटे, पायी. आप्रवासी घाट, अर्धा दिवस. बोटीची एक फेरी कमी करायला सांगा. जमणार नाही म्हणाला तर पैसे देऊ नका, दुसरा एजंट बघा.