गाड्या बाहेर, विमान आत

अमेरिकेत घर विकणारे 'दोन गाड्यांचं गॅरेज' असं म्हणतात, तेव्हा ते फारसं मनावर घ्यायचं नसतं. आमच्या ओळखीच्या एकाही मराठी घराच्या गॅरेजमध्ये दोन गाड्या मावत नाहीत. एका बाजूला टिश्यू पेपरच्या गठ्ठ्यांची चळत, गणपतीचं मखर, मुलांना लहान झालेल्या सायकली, भारतातून आलेल्या बॅगा आणि भारतात न्यायच्या बॅगा. उरलेल्या जागेत अंग चोरून उभी असलेली एक गाडी. आमच्याकडे तीही आत नसते. आमच्या गॅरेजमध्ये विमान आहे.

खरं म्हणजे विमान अजून व्हायचंय. सध्या आहे ते वर्कशॉप. विमानाच्या आधी वर्कशॉप बांधावं लागतं, आणि वर्कशॉपच्या आधी घर मोकळं करावं लागतं. आमची सध्या दुसरी पायरी संपली आहे आणि पहिली चालू आहे.

आम्ही ओहायोतल्या डेटनजवळ राहतो. हे राइट बंधूंचं गाव. इथे विद्यापीठ आणि हवाई दलाचा तळ यांच्यापासून सगळ्यांना राइट हे नाव चिकटलेलं आहे. माझा नवरा इथे सॉफ्टवेअरच्या नोकरीला आला आणि बरीच वर्षं निर्धोक राहिला. वैमानिकाचा परवाना त्याच्याकडे होता, पण तो पाकिटात पडून असायचा. त्याचा कुणाला उपद्रव नव्हता. मग एका जुलैत तो विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या मेळ्याला गेला. हा मेळा भरवते एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, म्हणजे ईएए. घरी विमानं बांधणाऱ्यांना एकमेकांचा आधार मिळावा म्हणून पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली ती काढली. बांधणाऱ्यांच्या घरच्यांना आधार देणारी संस्था अजून निघालेली नाही. निघाली तर वर्गणी भरायला मी तयार आहे.

ऑशकॉशहून नवरा नाक भाजून आणि कॅटलॉग घेऊन परतला. घरी जोडायच्या सुट्या भागांचं किट ठरलं ओरेगनमधल्या ऑरोराच्या व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीचं. "१९७३ पासूनची कंपनी आहे. त्यांची अकरा हजारांहून जास्त विमानं लोकांनी घरी बांधून उडवलीत," असं त्याने चहाच्या वेळी सांगितलं, बाकीचे लोक आपल्या पुढे गेले, अशा सुरात. आम्ही घेतलेल्या मॉडेलचं नाव आरव्ही-७. अ‍ॅल्युमिनियमचं, ताशी दोनशे मैलांच्या आसपास जाणारं.

सासूबाई तेव्हा मिरजेहून आलेल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून चित्र पाहिलं.

"अरे, यात खुर्च्या दोनच दिसतात."

"हो आई, दोघांचंच आहे."

"आणि आपण चौघं. उरलेल्या दोघींनी काय करायचं?"

"बांधायला मदत करायची," नवरा म्हणाला. इतका प्रामाणिक तो क्वचितच असतो.

सासूबाईंनी कॅटलॉग खाली ठेवला. "कांदिवलीच्या त्या अमोल यादवांनी गच्चीवर सहा जणांचं विमान बांधलं. गच्चीवर! तुला एवढं मोठं गॅरेज असून दोघांचंच जमतंय?"

सासूबाईंचं वाचन पक्कं असतं. कॅप्टन अमोल यादव यांनी चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात ते लोकांना दाखवलं आणि त्याची नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं. तेही किट न आणता, स्वतःच्या आराखड्यावर. त्या दिवसापासून नवऱ्याने आईसमोर जागेची तक्रार केलेली नाही. माझ्यासमोर करतो.

जागेचा हिशोब असा. गॅरेज वीस फूट बाय बावीस. विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंचवीस फूट. घरी येणारा प्रत्येक माणूस आधी गॅरेजच्या दाराकडे बघतो, मग पंखाकडे, आणि आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं अशा आनंदात विचारतो, "पण हे बाहेर कसं काढणार?" पंख वेगळे, शेपूट वेगळं, धड वेगळं बांधायचं आणि शेवटी विमानतळावरच्या हँगरमध्ये जोडायचं, हे उत्तर आमच्या मुलीनेही आता पाठ केलं आहे. माझं उत्तर मात्र स्थानिक इतिहासातलं असतं. राइट बंधूंचं १९०३ चं विमानसुद्धा डेटनमध्ये कधी पूर्ण जोडलं गेलं नाही. सायकलच्या दुकानात तेवढी जागाच नव्हती. नुसता मधला भाग उभा केला तरी दुकानाच्या पुढच्या आणि मागच्या खोलीमधली वाट बंद व्हायची, आणि गिऱ्हाईक आलं की दोघे भाऊ बाजूच्या दाराने बाहेर पडून वळसा घालून पुढे यायचे. ही हकीकत त्यांचा मेकॅनिक चार्ली टेलर याने सांगून ठेवली आहे. मीही हल्ली कपडे धुवायच्या मशीनकडे अंगणातून वळसा घालून जाते. परंपरा आहे म्हटल्यावर राग धरता येत नाही.

वर्कशॉपची सुरुवात टेबलांपासून होते. टेबल सपाट हवं. ते वाकडं असलं तर पंखही वाकडा. ज्या माणसाने आमच्या डुगडुगणाऱ्या जेवणाच्या टेबलाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून तो विषय कायमचा संपवला, तोच माणूस गॅरेजमधल्या टेबलांच्या पायांना स्क्रू लावून, पाणसळ ठेवून, केसाएवढ्या फरकासाठी मध्यरात्रीपर्यंत जमिनीवर आडवा पडलेला असायचा. मग कॉम्प्रेसर आला. विमानाची निम्मी हत्यारं हवेवर चालतात, त्यामुळे हवेची टाकी हवीच. ती भरू लागली की भिंतीवरच्या तसबिरी हलतात. मुलीचा अभ्यास, माझ्या ऑफिसच्या मीटिंगा आणि सासूबाईंचा मिरजेचा फोन यांच्या वेळा आता कॉम्प्रेसर ठरवतो.

त्यानंतर खोकी येऊ लागली. हत्यारांचा खर्च दोन-तीन हजार डॉलरच्या घरात जातो, पण हप्त्याहप्त्याने येत असल्यामुळे तो एकदम अंगावर येत नाही. क्लेको नावाचे स्प्रिंगचे चिमटे तर शेकड्यांनी आले. रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, मारेपर्यंत दोन पत्रे एकमेकांना धरून ठेवायचं काम त्यांचं. मापागणिक त्यांचे रंग ठरलेले: बारीक भोकाला चंदेरी, त्याहून मोठ्याला तांबडा, त्याहून मोठ्याला काळा. ड्रिलच्या पात्यांचं गणित आणखी उलटं. चाळीस नंबरचं पातं तीस नंबरच्या पात्यापेक्षा बारीक. नवरा हे समजावून सांगताना हातवारे करत होता, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "सुईसारखंच की रे. नंबर मोठा, तशी सुई बारीक." वर्कशॉपमध्ये त्यांना बढती मिळाली ती त्या दिवशी.

बढती म्हणजे रिव्हेट निवडायचं खातं. रिव्हेट कागदी पिशव्यांतून येतात आणि त्यांची नावं आगगाड्यांच्या नंबरांइतकी लांब असतात. काही चपट्या डोक्याचे, पत्र्याच्या पातळीत बसणारे. काही घुमटाकार डोक्याचे. लांबीतला फरक कधीकधी इंचाच्या बत्तिसाव्या भागाचा. एक पिशवी फाटली आणि दोन लांबीचे रिव्हेट एकत्र झाले, तेव्हा सासूबाईंनी ताट मागवलं, उजेडाला बसल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळे वेगळे करून माझ्या मिसळणाच्या डब्यात भरून ठेवले. मोहरीच्या वाटीत लहान, जिऱ्याच्या वाटीत मोठे. तो डबा अजून गॅरेजमध्येच आहे. फोडणीसाठी मी नवीन घेतला.

पाहुण्यांनाही काम मिळतं. भोक पाडलं की त्याच्या कडेला धातूची बारीक धार उरते. ती काढली नाही तर पुढेमागे तिथून पत्र्याला तडा जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक भोक दोन्ही बाजूंनी साफ करायचं. भोकं हजारोंनी. त्यामुळे महाराष्ट्र मंडळातलं कुणी आमच्याकडे जेवायला आलं की हातात आधी सरबत येतं आणि मग धार काढायचं हत्यार. पूर्वी लोक जेवून लगेच निघायचे नाहीत. आता निघतात.

हिवाळ्यात या गृहव्यवस्थेची खरी परीक्षा होते. ओहायोच्या जानेवारीत पाणी गोठतं. पत्र्यांना लावायचा प्रायमर वाळायला ऊब लागते, म्हणून गॅरेजमध्ये हीटर बसला. पहाटे मी अंगणात गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत असते आणि भिंतीपलीकडे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे उबेत झोपलेले असतात. त्या प्रायमरची गरज आहे की नाही यावरही एकमत नाही. पत्र्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा थर मुळातच असतो, त्यामुळे प्रायमर म्हणजे उगाच वजन, असं एक पक्ष म्हणतो; दुसरा आतला कणन् कण रंगवतो. ईएएच्या आमच्या शाखेत यावर कडाक्याची भांडणं होतात. दोन्ही पक्षांची विमानं उडतात, पण हा मुद्दा तिथे कुणी काढत नाही.

आता मुख्य हत्याराविषयी. रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एकाच्या हातात हवेची बंदूक. ती बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर धडधडते. दुसऱ्याने पत्र्यामागून रिव्हेटच्या शेपटीवर धातूचा ठोकळा दाबून धरायचा. हा बकिंग बार. शेपूट चेपून व्यासाच्या दीडपट रुंद झालं की रिव्हेट बसला. ठोकळा पोलादाचा असतो; टंगस्टनचा घेतला तर तेवढ्याच आकारात दुपटीहून जड, आणि किंमत शंभर डॉलरच्या वर. मला वाढदिवसाला टंगस्टनचा मिळाला.

बंदूकवाल्याला ठोकळेवाली दिसत नाही. ठोकळा जागेवर नसताना बंदूक चालली तर पत्र्याला पोचा येतो. म्हणून दोघांनी एकमेकांशी सतत आणि स्पष्ट बोलायचं असतं. आमचं बोलणं असं चालतं:

"धरलंस?"

"धरलं."

"सरळ आहे ना?"

"तू मार."

"अगं, सरळ आहे का ते सांग."

"इतकी वर्षं मी काय सांगते ते ऐकलंयस कधी? मार."

मग धडधड होते, आणि रिव्हेट कुणामुळे वाकला यावर चर्चा होते. वाकलेला रिव्हेट ड्रिलने काढताना भोक मोठं झालं, तर त्यासाठी लहान डोक्याचे खास रिव्हेट मिळतात. बांधणारे त्यांना 'ऊप्स रिव्हेट' म्हणतात. संसारासाठी असं काही निघालं तर मी किलोने घेईन. जिथे आम्हा दोघांचे हात पोचत नाहीत, तिथे मुलीचा बारीक हात जातो. तिचा दर पिझ्झावर ठरतो.

कायदाही या सगळ्याकडे लक्ष ठेवून आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचा, म्हणजे एफएएचा, नियम असा की, विमानाचा मोठा हिस्सा हौशी माणसांनी केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी बांधलेला असला पाहिजे. पैसे देऊन करवून घेतलेलं काम त्यात धरत नाहीत. (पाहुण्यांचं जेवण मजुरीत येतं का, हे विचारायला नवरा घाबरतो.) पुराव्यासाठी वही आणि फोटो ठेवावे लागतात. कित्येक फोटोंत मी पंखाखाली, कानांवर आवाजरोधक लावून, ठोकळा धरून दिसते. माझा चेहरा पाहून करमणूक चालली आहे असं कुणी म्हणणार नाही. त्यामुळे मी शिक्षणात मोडते.

डेटनमध्ये या शिक्षणाला जुना इतिहास आहे. राइट बंधूंची धाकटी बहीण कॅथरीन शाळेत लॅटिन शिकवायची आणि आईच्या माघारी घर सांभाळायची. १९०२ च्या ऑगस्टमध्ये ग्लायडरच्या पंखांचं कापड घरातच शिवलं जात होतं. तेव्हा तिने वडिलांना पत्र लिहिलं: विल्बर तासन्‌तास शिवणयंत्र चालवतो, ऑर्व्हिल जमिनीवर बसून खुणा करतो, घरात राहायला जागा नाही. आणि पुढे हेही लिहिलं की, हे दोघे गेले की आठवडाभरात मला करमेनासं होईल आणि हाच गोंधळ हवासा वाटेल. पत्राचा पहिला भाग मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवते. दुसरा त्याला दाखवायची घाई नाही.

तर, विमान बांधायचं मनात असेल त्यांनी कॅटलॉग नंतर चाळावा. टेबलांचा आराखडा, कॉम्प्रेसर, क्लेको, बंदूक, टंगस्टनचा ठोकळा, सगळं घरपोच येतं. ठोकळा धरणारा माणूस मात्र कुठल्याच कॅटलॉगात नाही. तेव्हा आधी घरात विचारा, बकिंग बार कोण धरणार? कुणी 'मी' म्हणालं, तर वर्कशॉप झालंच समजा. आणि त्या माणसाची गाडी शेवटपर्यंत गॅरेजमध्येच राहू द्या.